मोजून-मापून विणला तरी स्वतः डिझाईन केलेला स्वेटर मापात का बसत नाही?

लक्षण असं असतं. डिझाईन डोक्यात पक्कं, वहीत आकडेमोड, छातीचं माप दोनदा घेतलेलं, आणि महिनाभर रोज रात्री विणून झाल्यावर अंगात घालून बघितला की खांदा कोपराकडे निघालेला असतो. मग आपण म्हणतो जाऊदे, पुढच्या वेळी दहा टाके कमी घालू. पुढच्या वेळी दहा टाके कमी घालतो आणि तो घट्ट होतो. माझं हे तीनदा झालं, तीन वेळा कारण वेगळं निघालं, आणि एकदाही गणित चुकलेलं नव्हतं. म्हणून लिहितेय, कारण जिला विचारावं ती आधी "गणित परत तपास" म्हणते आणि आपण बिचाऱ्या 220 ला 22 ने भागत बसतो.

पहिली फजिती दादाच्या स्वेटरची. दादा-वहिनी न्यू जर्सीला असतात, तिकडची थंडी म्हणजे आपल्या निफाडचा गारठा काहीच नाही असं तो म्हणतो, म्हटलं चला ह्याला एक जाड विणू, कुठलाही पॅटर्न न बघता, पूर्ण स्वतःचा. छाती 94, वर सैलपणा 6, म्हणजे घेर 100 सेंमी. नमुना, म्हणजे टाके मोजायला आधी विणतात तो छोटा तुकडा, विणला घरच्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या 8 नंबरच्या सुयांवर, 10 सेंमीत 22 टाके आले, म्हणून 220 टाके घातले. पण 220 टाके सरळ सुईवर मावेनात, म्हणून वहिनीने मागे तिकडून आणून दिलेली गोल सुई, म्हणजे दोन टोकं लवचिक वायरने जोडलेली, ती काढली, तिच्यावरही 8 च लिहिलेलं होतं, झालं. दोन महिन्यांनी व्हिडिओ कॉलवर दादा तो घालून उभा राहिला आणि म्हणाला, "अगं, हा स्वेटर आहे की घोंगडी?"

कारण आपल्याकडच्या दुकानातल्या सुयांवर बहुतेक जुने ब्रिटिश नंबर असतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. 8 नंबर म्हणजे 4 मिमी, 10 म्हणजे 3.25, 12 म्हणजे 2.75. अमेरिकेत बरोब्बर उलटं, नंबर वाढला की सुई जाड, तिकडची 6 नंबर 4 मिमी असते आणि 8 नंबर असते चांगली 5 मिमी. म्हणजे मी नमुना 4 वर विणला आणि स्वेटर 5 वर. टाके 10 सेंमीला 18 वर आले, 220 भागिले 1.8, घेर 122! तेव्हापासून मी नंबर बघतच नाही, मिमी बघते. सुईवर मिमी छापलेले नसतील तर भोकांची पट्टी मिळते विणकामाच्या सामानात, ती नसेल तर ज्या सुईने नमुना केला त्याच सुईने स्वेटर, विषय संपला. आणि "त्याच" म्हणजे खरंच त्याच, कारण 4 मिमी बांबूची आणि 4 मिमी स्टीलची यांतही फरक पडतो, स्टीलवर टाका घसरतो, हात सैल सुटतो.

हे सोपं होतं. खरी डोकेदुखी दुसऱ्या वेळी झाली, कारण सुया त्याच, लोकर तीच, नमुना केलेला, आणि तरी घेर 100 च्या जागी 110. इथे मी बसून नमुना पुन्हा हातात घेतला. केवढा होता सांगू का, पोस्टाच्या पाकिटावर चिकटवता येईल एवढा, धड सहा सेंमी पण नाही. कडेचे टाके वळलेले, म्हणून मी मधले 4 सेंमी मोजले होते, त्यात 9 टाके दिसले, म्हणजे 10 ला साडेबावीस, चला 22 धरू. आता गंमत बघा, खरा गेज, म्हणजे 10 सेंमीत बसणाऱ्या टाक्यांचा आकडा, 21 चा असता तर 4 सेंमीत साडेआठच्या आसपास टाके येतात. साडेआठ डोळ्यांना दिसतात का? नाही दिसत, आपल्याला आठ दिसतात किंवा नऊ दिसतात, आणि घाईत असलो की आपल्याला हवं तेच दिसतं. आठ म्हटलं तर गेज 20, नऊ म्हटलं तर साडेबावीस. या दोनमध्ये 100 सेंमीच्या स्वेटरला अकरा-बारा सेंमीचा फरक आहे, आणि तो फरक एका टाक्याच्या अर्ध्या पाकळीत लपलेला असतो.

हे एकदा नीट करून बघा म्हणजे पटेल. 220 टाके घातले आणि गेज 22 असेल तर घेर 100. गेज 21 निघाला तर 105. 20 निघाला तर 110. म्हणजे 10 सेंमीमागे एक टाका चुकला की अख्ख्या स्वेटरला पाच सेंमी, अर्धा टाका चुकला तरी अडीच. त्यामुळे "एखादा टाका इकडेतिकडे चालतो" हे मफलरला ठीक आहे, स्वेटरला नाही.

तर नमुना मोठा करायचा. मी 36 टाके घालते, दोन्ही कडांना चार-चार टाके नुसते सुलट दोन्ही बाजूंनी, म्हणजे कड वळत नाही, आणि खाली-वर पण तशाच चार-सहा ओळी, मधला भाग 12-13 सेंमीचा चौकोन. मोजताना शिवणाची टेप वापरू नका, माझी टेप पंधरा वर्षांची आहे, ताणून ताणून कुठे पोचली असेल देव जाणे. कंपासपेटीतली साधी स्टीलची किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या, नमुना टेबलावर सपाट, हाताने न दाबता, न ओढता, पट्टी आडवी ठेवायची आणि दोन टाचण्या बरोबर 10 सेंमीवर लावायच्या, मग पट्टी उचलून टाचण्यांच्या मधले टाके मोजायचे. अर्धा टाका आला तर अर्धा लिहायचा! तीन वेगवेगळ्या जागी मोजा, वर, मध्ये, खाली. पहिल्या काही ओळी आपण नेहमी आवळून विणतो, हात नंतर मोकळा होतो.

आणि धुवा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, नमुना पण कोणी धुतं का, असं मला वाटायचं. पण आपण मोजतो न धुतलेला आणि घालतो धुतलेला. आपण सगळ्यालाच लोकर म्हणतो, पण लेबल वाचा, आपल्याकडे दुकानात मिळणारी बरीचशी अ‍ॅक्रिलिक असते, ती धुतल्यावर थोडी मोकळी होते, फार नाही. पण मशीनमध्ये धुता येते असं लिहिलेली खरी लोकर, सुपरवॉश म्हणतात ती, ही ओली झाली की अशी पसरते की आपल्यालाच घाम फुटतो. कॉटन वजनाने खाली ओढलं जातं. तेव्हा स्वेटर जसा धुणार तसाच नमुना धुवायचा, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढायचं, पिळायचं नाही, सपाट वाळवायचा. अ‍ॅक्रिलिकवर इस्त्री किंवा जोरात वाफ नको, एकदा का ती लुळी पडली की परत उठत नाही. धुण्याआधी आणि नंतर दोन्ही आकडे वहीत लिहा. टाके घालायला धुतल्यानंतरचा गेज, पण विणता विणता सुईवरचं काम मोजायला आधीचा, नाहीतर मध्येच आपण घाबरतो आणि चांगलं चाललेलं उसवतो. मी उसवलंय.

जड काम असेल तर अजून एक, नमुन्याच्या खालच्या कडेला कपड्यांचे तीन-चार चिमटे लावून रात्रभर भिंतीला लटकवून ठेवा. चारशे-पाचशे ग्रॅमचा स्वेटर स्वतःच्याच वजनाने लांब होतो, एवढ्याशा नमुन्याला स्वतःचं वजन नसतं, म्हणून ते चिमट्यांनी द्यायचं. सासूबाई विचारतात हे काय वाळत घातलंय, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

तिसऱ्या वेळी हे सगळं केलं, बरं का. मोठा नमुना, धुतलेला, पट्टीने मोजलेला, गेज 21, 210 टाके, घेर 100 यायलाच हवा. आला 93. नवऱ्यासाठी होता, तो बिचारा श्वास आत ओढून उभा राहिला आणि म्हणाला "छान आहे, उबदार आहे". या वेळी घोळ असा होता की नमुना विणला सरळ सुईवर, जाताना सुलट ओळ, येताना उलट ओळ, आणि स्वेटर विणला गोल सुईवर गोलगोल, म्हणजे नुसत्या सुलट ओळी, उलट कधी आलीच नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणींची उलट ओळ सुलटपेक्षा सैल पडते, माझी तर चांगलीच. तुमची पडते का ते बघायचं असेल तर सपाट विणलेल्या तुकड्याच्या मागच्या बाजूला बघा, उलट टाक्यांच्या रांगा दोन-दोनच्या जोडीने दिसत असतील, मध्ये जरा फट, पुन्हा दोन, तर तुमचाही हात तसाच आहे. गोल विणताना ती सैल ओळ गायब होते आणि काम आवळतं. उपाय सोपा आहे, गोल सुईवर नमुना विणताना ओळ संपली की उलटवायचं नाही, सगळे टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवायचे, धागा पाठीमागून ऐसपैस सैल आणायचा आणि परत सुलटच विणायचं. मागे धाग्यांच्या झिरमिळ्या लटकतात, धुवायच्या आधी त्या मधोमध कापून टाका म्हणजे तुकडा सपाट पसरतो. दिसायला भयानक, पण खरं बोलतो. आणि ज्यांना हे नको त्यांनी सपाटच विणा, पाठ वेगळी पुढचा भाग वेगळा, फक्त शिवणीसाठी दोन्हीकडे एकेक टाका जास्त धरा.

आता नक्षीकडे येते, कारण स्वतःचं डिझाईन म्हणजे बहुतेकींना नक्षीच करायची असते, आणि तिथे वेगळाच रोग आहे. मी भाचीच्या बाळाच्या झबल्यावर कोयरी काढली होती. गणिताच्या चौकटीच्या वहीत, एक चौकट एक टाका, 20 रुंद 20 उंच, छान डौलदार कोयरी. विणून झाल्यावर ती वांगं दिसत होती, जरा बसलेलं वांगं. कारण टाका चौरस नसतोच, तो रुंद जास्त आणि उंच कमी असतो. साध्या सुलट विणीत 10 सेंमीला 22 टाके येतात तेव्हा ओळी 28 च्या आसपास असतात. म्हणजे 20 टाके झाले 9 सेंमी रुंद, आणि 20 ओळी झाल्या फक्त 7 सेंमी उंच. चौकटीच्या वहीत काढलेली प्रत्येक गोष्ट अशी वरून दाबली जाते, वर्तुळ काढा, लाडूचा पेढा होतो.

तेवढीच रुंदी ठेवून आकार नीट हवा असेल तर 20 टाक्यांना 25-26 ओळी द्यायच्या. वहीत ते लांबुळकं, विचित्र दिसतं आणि नेमकं तेच विणल्यावर बरोबर येतं, पण डोळ्याला पटत नाही म्हणून मी वही सोडली. शीटमध्ये करते आता, एक्सेल किंवा गूगल शीट काहीही, कॉलमची रुंदी 28 पिक्सेल आणि ओळीची उंची 22 पिक्सेल, म्हणजे गेजचे आकडे उलटे टाकायचे, टाके 22 असतील तर ते उंचीला, ओळी 28 असतील तर त्या रुंदीला. मग घर आपोआप टाक्याच्या आकाराचं होतं, रंग भरत जायचं, स्क्रीनवर जे दिसतं तेच स्वेटरवर येतं. तुमचा गेज 20 आणि 26 असेल तर 26 रुंद 20 उंच, एवढंच. फक्त दोन्ही बाजूंनी सुलट विणलेली वीण असेल तर हे लावू नका, तिथे ओळी टाक्यांच्या जवळजवळ दुप्पट येतात.

दोन रंग एका ओळीत असले की मागून जाणारा धागा ओढला जातो आणि काम आकसतं, तर नमुना साध्या विणीचा नको, त्याच नक्षीचा हवा. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या फेअर आयल नक्षीत बघाल तर एका ओळीत दोनच रंग असतात आणि मागून जाणाऱ्या धाग्याची सलग उडी फार लांब नसते, उगीच नाही. मी पाच टाक्यांच्या वर उडी जाऊ देत नाही, जायचीच असेल तर मध्ये एकदा मागचा धागा अडकवून घेते, नाहीतर बाळाची बोटं बरोबर त्याच फासात जातात. पिळाच्या विणीत तर आकसणं अजून जास्त, सहा टाक्यांचा पीळ साधारण चार-साडेचार टाक्यांच्या जागेत बसतो, म्हणून पीळ सुरू होतो त्या ओळीला प्रत्येक पिळामागे एक-दोन टाके वाढवायचे, आणि खांद्यावर टाके बंद करण्याआधी ते परत कमी करायचे, म्हणजे खांद्याला झालर येत नाही.

नक्षीचा पट टाक्यांत बसवणं हा काही मोठा विषय नाही. 8 टाक्यांची नक्षी असेल आणि 210 टाके असतील तर भाग जात नाही, 208 घ्या, 26 नक्ष्या, घेर 99, एका सेंमीने कोणाचं काही अडत नाही. 12 किंवा 24 टाक्यांची मोठी नक्षी असेल तर मात्र सुरुवातीलाच बघा, तिथे एक नक्षी इकडेतिकडे म्हणजे 6 किंवा 11 सेंमी होतात.

बाह्यांचं विचारतात बऱ्याच जणी. बाही आखूड झाली, किंवा वाढवत वाढवत काखेपर्यंत पोचले पण टाके पुरे झालेच नाहीत. हे ओळींच्या गेजचं दुखणं आहे, आपण टाके मोजतो आणि ओळी मोजत नाही, म्हणतो लांबी काय टेपने बघू. सरळ भागाला चालतं ते, बाहीला नाही. एलिझाबेथ झिमरमन म्हणून एक बाई होत्या, जन्म इंग्लंडचा, पुढे अमेरिकेत राहिल्या, त्यांनी सगळा स्वेटर घेराच्या टक्क्यांत मांडला होता, मला तो हिशेब फार आवडतो कारण एकदा घेराचे टाके ठरले की बाकी सगळं तोंडी होतं. मनगट 20 टक्के, दंड 33 च्या आसपास, गळा 40, काखेत 8. आपल्या 210 टाक्यांना मनगट 42, दंड 70, गळा 84, काख 17. आता मनगटाच्या 42 पासून दंडाच्या 70 पर्यंत जायचं म्हणजे 28 टाके वाढवायचे, एका वेळी दोन्ही कडांना एकेक, म्हणजे 14 वेळा. बॉर्डर सोडून बाही 38 सेंमी, ओळी सेंमीला 2.8, झाल्या 106 ओळी. 106 भागिले 14, साडेसात. मी एकदा सहाव्या ओळीवर, एकदा आठव्या ओळीवर अशी वाढ करते, 98 ओळींत संपते, वरच्या 8 ओळी साध्या. पण तुमच्या ओळी 28 नसून 31 असतील तर त्याच 106 ओळींत बाही 34 सेंमीच होते, चार सेंमी कमी, आणि चार सेंमी म्हणजे मनगटाचं हाड उघडं.

हे टक्के बाळाला लावू नका. मी लावले होते. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, सहा महिन्यांच्या बाळाचं डोकं साधारण 42-43 सेंमी, छाती पण तेवढीच, मग 40 टक्क्यांचा गळा डोक्यातून जाणार कसा? भाचीने झबलं अर्ध्यावर अडकलेलं बाळ आतून रडताना फोनवर ऐकवलं मला. "मावशी, आता खाली ओढू का वर?" तेव्हापासून बाळाच्या कपड्याला एका खांद्यावर दोन-तीन बटणं, आणि गळ्याचे टाके बंद करताना दोन मापांनी जाड सुई. मोठ्यांच्या गळ्यालाही हीच युक्ती, गळा जातो पण कानाशी अडतो असं होत असेल तर गळा लहान नाहीये, बंद केलेली कड आवळलीये, तेवढीच उसवा.

इतकं करूनही एक गोष्ट उरते, आपला हात. मालिका बघताना विणलेलं वेगळं, फोनवर भांडताना विणलेलं वेगळं. म्हणून पाठीचे पहिले दहा सेंमी झाले की थांबायचं, एक जाड वेगळ्या रंगाचा धागा सुईने सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवायचा, सुई काढायची आणि काम टेबलावर पसरून मोजायचं. खरा नमुना हाच. इथे चूक दिसली तर दहा सेंमी उसवावे लागतात, दोन संध्याकाळी गेल्या, पण चाळीस सेंमी झाल्यावर कळलं तर माणूस विणकाम सोडून देतं.

आणि तो धुतलेला नमुना फेकू नका, किचनच्या वजनकाट्यावर ठेवा. 15 बाय 15 चा तुकडा 9 ग्रॅम भरला तर 225 चौरस सेंमीला 9 ग्रॅम, आता स्वेटरच्या सगळ्या तुकड्यांचं क्षेत्रफळ काढा, लहान मुलाचा 2000 चौरस सेंमी असेल तर 80 ग्रॅम, वर दहा-पंधरा टक्के धरा, म्हणजे 50 चे दोन गुंडे. तीन घ्या, एकाच लॉट नंबरचे, नंतर गेलं की तो रंग मिळत नाही, दुकानदार म्हणतो सेम आहे, उन्हात घेऊन जा आणि बघा.

ज्यांचा आधीच मोठा होऊन बसलाय त्यांच्यासाठी. सपाट तुकडे शिवून केलेला असेल तर शिवण उसवून दोन्हीकडून दोन-दोन टाके जास्त आत घ्या, साडेतीन-चार सेंमी सहज जातात, त्याहून जास्त घेतलं तर काखेत गोळा होतो. खांदे उतरत असतील तर मागच्या गळ्याच्या आणि खांद्याच्या शिवणीवर आतून क्रोशाची एक घट्ट साखळी घाला, फरक लगेच दिसतो. खरी लोकर गरम पाण्यात आटवायचा सल्ला कोणी देईल, तो एखाद्या तुकड्यावर करून बघा आधी, आटते तेव्हा थांबत नाही. दादाची घोंगडी मी परत मागवली, उसवली, लड्या करून धुऊन वजन लावून वाळवल्या, आता त्याच लोकरीचा 4 मिमीवर नमुना चाललाय, काल रात्री धुतला, सकाळी अजून ओला होता.